आठवणींची घडण आणि आई

विषयाचे स्वरूप

माणसाच्या पहिल्या आठवणी त्याच्या एकट्याच्या नसतात. त्या घडत असताना शेजारी कोणीतरी बोलत असते, प्रश्न विचारत असते, झालेल्या प्रसंगाला नाव देत असते. बहुतेक समाजांत ही व्यक्ती आई असते. स्वतःच्या आयुष्यातील प्रसंग क्रमाने आणि अर्थासह आठवण्याच्या शक्तीला मानसशास्त्रात आत्मचरित्रात्मक स्मृती म्हणतात. ही शक्ती बऱ्याच अंशी बोलण्यातून शिकली जाते, असा गेल्या सुमारे चाळीस वर्षांतील संशोधनाचा निष्कर्ष आहे. आईविषयीचे लेखन भावनेने इतके भारलेले असते की आईचा प्रभाव नेमका कोणत्या मार्गाने मुलापर्यंत पोहोचतो, हा प्रश्न मागे पडतो. त्या मार्गांचा हा आढावा आहे.

जन्मापूर्वीची ओळख

गर्भाची श्रवणशक्ती साधारणतः सहाव्या महिन्यानंतर काम करू लागते. बाहेरचे आवाज पोटाच्या भिंतीतून आणि गर्भजलातून गाळून येतात. व्यंजने पुसट होतात, लय आणि चढउतार टिकतात. आईचा आवाज हवेतून येतो तसाच तिच्या शरीराच्या कंपनांतूनही येतो, त्यामुळे तो सर्वांत ठळक असतो. अँथनी डिकॅस्पर आणि विल्यम फायफर यांचा १९८० मधील प्रयोग या बाबतीत प्रसिद्ध आहे. नवजात बाळांच्या तोंडात चोखणी दिली होती आणि चोखण्याच्या लयीनुसार त्यांना आईचा किंवा परक्या स्त्रीचा आवाज ऐकू येई. बाळांनी लय बदलून आईचा आवाज मिळवला. २००९ मध्ये काथलीन वेर्मके आणि सहकाऱ्यांनी ३० फ्रेंच आणि ३० जर्मन नवजातांचे रडणे तपासले. फ्रेंच बाळांचे रडणे चढत्या सुराकडे, तर जर्मन बाळांचे उतरत्या सुराकडे झुकलेले आढळले. दोन्ही भाषांच्या बोलण्याचा कलही तसाच आहे.

चवीचेही असेच. फिलाडेल्फियातील मोनेल संस्थेत ज्युली मेनेला यांनी काही गरोदर स्त्रियांना शेवटच्या तिमाहीत गाजराचा रस प्यायला दिला. त्यांची बाळे पुढे वरचे अन्न खाऊ लागली, तेव्हा गाजराच्या चवीचे अन्न त्यांनी कमी कुरकुर करत स्वीकारले. या सगळ्याला प्रसंगाची आठवण म्हणता येत नाही. ही ओळख आहे. पण पुढची प्रत्येक आठवण याच ओळखीच्या आवाजाभोवती जमत जाते.

शरीरात राहिलेली नोंद

मनाला आठवत नाही ते शरीर जपते, याचा जगात गाजलेला पुरावा पुण्याजवळच्या सहा खेड्यांतून मिळाला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये तेथील मातांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. जन्मलेल्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउथहॅम्प्टनच्या बाळांपेक्षा ती सर्वच मापांत लहान होती, पण त्वचेखालील चरबी त्या मानाने कमी झालेली नव्हती. दिसायला कृश आणि घडणीने मेदयुक्त अशा या बाळांच्या वर्णनामुळे भारतीयांतील मधुमेहाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. गरोदरपणात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा खाणाऱ्या मातांची बाळे आकाराने मोठी होती. ज्या मातांच्या रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला प्रतिरोध अधिक आढळला. घरातल्या सर्वांचे उरकल्यावर, उरलेसुरले वाढून घेऊन जेवण्याची स्त्रियांची रीत मुलाच्या शरीरात पुढे कित्येक वर्षे राहू शकते, ही गोष्ट येथे मोजमापांनिशी समोर येते. तिला त्याग म्हणून गौरवणे आता थांबले पाहिजे.

ध्वनींची निवड

जन्मतः बाळ जगातील बहुतेक भाषांचे ध्वनिभेद ओळखू शकते. पहिल्या वर्षाच्या अखेरीस ही क्षमता आकसते आणि घरात ऐकू येणाऱ्या भाषेपुरती तीक्ष्ण होते. जॅनेट वेर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये हे दाखवले, तेव्हा त्यांनी निवडलेला एक भेद आपल्या कानाला अगदी जवळचा होता: हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’. इंग्रजी घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना तो कळत होता; दहा ते बारा महिन्यांच्या बाळांत तो ओळखणारी फारच थोडी उरली होती.

ही निवड नुसत्या आवाजाने होत नाही. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना बारा बैठकांत चिनी भाषा ऐकवली. समोर बसून खेळणाऱ्या, बोलणाऱ्या माणसाकडून बाळे चिनी ध्वनी शिकली. तेच बोलणे पडद्यावरून किंवा ध्वनिमुद्रणातून ऐकणारी बाळे काहीच शिकली नाहीत. परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांच्या घरात मराठी मालिका अखंड चालू ठेवण्यापेक्षा आईने किंवा आजीने भरवताना, न्हाऊ घालताना मराठीत बोलणे अधिक उपयोगी ठरते, त्यामागचे कारण यात सापडते.

जवळीक आणि धीटपणा

बाळ आणि त्याला सांभाळणारी व्यक्ती यांच्या जवळिकीविषयी जॉन बोल्बी यांनी मांडलेल्या आसक्ती-सिद्धांताला प्रत्यक्ष निरीक्षणाचा आधार दिला तो मेरी एन्सवर्थ यांनी, आणि तोही प्रथम आफ्रिकेत. १९५४-५५ मध्ये युगांडातील खेड्यांत त्या घरोघरी जाऊन आई आणि बाळ यांच्याकडे तासन्‌तास पाहत बसत. आई जवळ असली की बाळ तिच्यापासून दूर रांगत जाते, वस्तू हाताळते, मधूनच वळून तिच्याकडे पाहते आणि पुन्हा पुढे जाते, हे त्यांनी नोंदवले. जवळीक मिळालेले मूल चिकटून बसण्याऐवजी अधिक दूरवर जाते. स्मृतीशी याचा संबंध असा की, ज्या मुलाला आईचा भरवसा असतो ते तिच्याशी सुखद प्रसंगांइतकेच भीतीचे आणि दुःखाचे प्रसंगही बोलते, आणि बोललेला प्रसंग टिकतो.

शैशवविस्मृती

प्रौढ माणसाची पहिली आठवण सरासरी तीन ते साडेतीन वर्षांच्या वयातील असते. त्याआधीचे जवळपास सारे पुसलेले असते. याचा अर्थ बाळांना स्मरणशक्ती नसते, असा नाही. कॅरोलिन रोव्ही-कोलियर यांनी बाळाचा पाय फितीने पाळण्यावरच्या भिरभिऱ्याला बांधला. पाय झाडला की भिरभिरे हलते, हे तीन महिन्यांच्या बाळाला सुमारे आठवडाभर आणि सहा महिन्यांच्या बाळाला सुमारे दोन आठवडे लक्षात राहिले. हे विसरल्यावरही भिरभिरे नुसते हलताना दाखवले, तर आठवण परत जागी झाली. म्हणजे साठवण होते. उजळणी नसेल तर ती हरवते. मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग या वयात अजून घडत असतो, हे एक कारण. दुसरे कारण भाषेचे आहे.

न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठात गॅब्रिएल सिमकॉक आणि हार्लिन हेन यांनी दोन-तीन वर्षांच्या मुलांना एक गमतीचे यंत्र दाखवले. मोठे खेळणे आत टाकायचे, दांडा फिरवायचा, की तसेच पण लहान खेळणे बाहेर येई. सहा महिन्यांनी किंवा वर्षाने मुलांना त्याविषयी विचारले. तोवर त्यांची शब्दसंपत्ती बरीच वाढली होती, यंत्र हाताने कसे चालवायचे हेही अनेकांना आठवत होते. पण प्रसंग सांगताना त्यांनी जो शब्द प्रसंगाच्या वेळी येत नव्हता, तो वापरला नाही. प्रसंग घडताना मुलाजवळ जेवढी भाषा असते, जवळपास तेवढाच तो पुढे सांगण्याजोगा राहतो. ती भाषा त्या क्षणी पुरवणारी व्यक्ती म्हणूनच महत्त्वाची ठरते.

गप्पांतून घडणारी स्मृती

या विषयाचा गाभा येथे आहे. मिंडा टेस्लर आणि कॅथरीन नेल्सन यांनी तीन वर्षांच्या मुलांना आयांसह निसर्गेतिहासाच्या संग्रहालयात नेले आणि चालता चालता होणारे बोलणे नोंदवून घेतले. आठवड्याने मुलांना काय पाहिले ते विचारले. ज्या वस्तूंविषयी आई आणि मूल दोघेही बोलले होते, तेवढ्याच मुलांना आठवल्या. फक्त आईने सांगितलेल्या किंवा फक्त मुलाने बोट दाखवलेल्या वस्तू निसटल्या होत्या.

रॉबिन फिवुश, इलेन रीस आणि कॅथरीन हेडन यांनी प्रसंगानंतरच्या गप्पांकडे लक्ष दिले. सगळ्याच आया मुलांशी झालेल्या गोष्टी बोलतात, पण बोलण्याच्या दोन ठळक तऱ्हा आढळतात. गावच्या जत्रेहून परतलेल्या चार वर्षांच्या मुलीशी एखादी आई असे बोलेल:

“जत्रेत काय पाहिलंस?”
“पाळणा.”
“अजून काय पाहिलंस?”
“…”
“अगं, अजून काय? सांग ना.”
“माहीत नाही.”

दुसऱ्या घरात तीच जत्रा अशी येईल:

“पाळणा वर गेला तेव्हा माझा पदर किती घट्ट धरला होतास, आठवतं?”
“मला भीती वाटली.”
“हो ना, वरून सगळं एवढंसं दिसत होतं. मग खाली आल्यावर काय म्हणालीस?”
“परत बसायचं!”
“आणि बाबा कुठे गेले होते तेव्हा?”
“रेवड्या आणायला. आजीला पण दिल्या.”

पहिल्या संवादात आई उत्तराची वाट पाहते आणि ते न आल्यास तोच प्रश्न पुन्हा विचारते. दुसऱ्यात ती स्वतः एक तपशील घालते, मुलीच्या उत्तराला धरून पुढे जाते, भावनेला नाव देते, आधी काय आणि मग काय हा क्रम लावते आणि तिसऱ्या माणसाला प्रसंगात आणते. रीस आणि सहकाऱ्यांनी मुले साधारण तीन-सव्वातीन वर्षांची असल्यापासून ती जवळपास सहा वर्षांची होईपर्यंत असे संवाद पुन्हा पुन्हा नोंदवले. ज्यांच्या आया सुरुवातीला तपशिलाने बोलत, ती मुले पुढे स्वतःहून अधिक आठवून सांगू लागली. सुरुवातीच्या काळात प्रभावाची दिशा आईकडून मुलाकडे होती; नंतर मूलही आईला बोलते करू लागले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाठपुराव्यात, लहानपणी अशा गप्पा लाभलेल्या किशोरांच्या पहिल्या आठवणी अधिक लहान वयातील असल्याचे दिसले.

यासाठी आई शिकलेली असावी लागत नाही. न विचारलेला प्रश्न हाच खरा अडथळा. ज्या घरात “गप्प बस” हे वाक्य वारंवार येते, तेथे मुलाचे वर्तन कदाचित सुधारत असेल. त्याचा भूतकाळ मात्र तुटपुंजा होतो.

समाजानुसार बदलणारी रीत

न्यूझीलंडमध्ये २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पहिल्या आठवणीचे सरासरी वय मावरी प्रौढांत सुमारे पावणेतीन वर्षे, युरोपीय वंशाच्या प्रौढांत साडेतीन वर्षे आणि आशियाई वंशाच्या प्रौढांत पावणेपाच वर्षे आढळले. मावरी समाजात वंशकथा तोंडी सांगण्याची परंपरा आहे. मावरी आया मुलांना त्यांच्या जन्माची हकिगतही अधिक तपशिलाने सांगतात, असे नंतरच्या अभ्यासात दिसले. कॉर्नेल विद्यापीठातील ची वांग यांनी चिनी आणि अमेरिकी घरांची तुलना केली. अमेरिकी आई प्रसंगातून मुलाची आवड आणि भावना पुढे आणते. चिनी आई बहुधा कसे वागावे, इतरांना काय वाटले, हे पुढे आणते. त्यानुसार आठवणींचा आशयही बदलतो. एका रीतीला श्रेष्ठ ठरवण्याचे कारण नाही. दोन्ही ठिकाणी मूल आईकडून आठवणीचा उपयोग काय, तेच शिकत असते.

‘श्यामची आई’: एक मराठी उदाहरण

साने गुरुजींच्या आई यशोदाबाई १९१७ मध्ये वारल्या. गुरुजींचे त्यांच्या आठवणींचे पुस्तक ‘श्यामची आई’ १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले गेले आणि १९३५ मध्ये प्रकाशित झाले. त्यावरील आचार्य अत्रे यांच्या १९५३ मधील चित्रपटाला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. पुस्तकाची रचना या विषयाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे: श्याम, म्हणजे स्वतः गुरुजी, रोज रात्री मित्रांना आईच्या आठवणी तोंडी सांगतो. प्रत्येक आठवणीत घडलेला प्रसंग जेवढा ठळक आहे, तेवढेच त्या प्रसंगाविषयी आईने केलेले बोलणे ठळक आहे. सोळा वर्षांनंतर तुरुंगाच्या कोठडीत इतका तपशील हाती येतो, त्याचे एक कारण बहुधा हेच की, आईने तो प्रसंग घडताना किंवा लगेच नंतर समजावून सांगितला होता. वर्तन आणि इतरांचे सुखदुःख पुढे आणणारी, ची वांग यांनी वर्णिलेली रीत येथे तिच्या परमोच्च रूपात दिसते.

या पुस्तकाने मराठी घरांत आईचे एक मापही रूढ केले. ती आई गरिबी, आजार आणि अपमान सोसते आणि मुलगा ते सारे आठवतो. आईच्या स्वतःच्या आठवणी कोणत्या होत्या, हे मुलाच्या कथनातून फारसे कळत नाही, आणि ते स्वाभाविक आहे. त्यासाठी वेगळ्या साहित्याकडे वळावे लागते.

आईचे स्वतःचे कथन

ते साहित्य जात्यावर आहे. पहाटेच्या अंधारात दळताना, मांडीवर मूल झोपलेले असताना, स्त्रिया ओव्या रचत आणि गात. माहेर, भाऊ, विठ्ठल, लेक सासरी जाण्याचे दुःख, मुलाचे कौतुक, नवऱ्याचा मार, पोटाची भूक, सारे त्यात येते. शेजारी बसलेली मुलगी खुंट्याला हात लावता लावता त्या शिकून घेई आणि पुढे आपल्या ओव्या त्यांत घाली. हेमा राईरकर आणि गी पोइतव्हाँ यांनी सुरू केलेल्या प्रकल्पात महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या; त्या आता पारी या ग्रामीण भारताच्या संग्रहात प्रसिद्ध होत आहेत. गावोगाव पिठाची गिरणी आली आणि स्त्रियांचे कष्ट उतरले, ही चांगलीच गोष्ट झाली; पण ओवीचा रोजचा प्रसंग संपला.

बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. घरकाम आणि शेतकाम करताना त्यांनी रचलेली गाणी मुलगा सोपानदेव आणि एक आप्त यांनी टिपून ठेवली, म्हणून १९५२ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. ज्या आयांजवळ टिपून घेणारे कोणी नव्हते, त्यांचे रचलेले त्यांच्याबरोबर गेले.

गंध

वासाची वाट इतर संवेदनांहून वेगळी आहे. नाकातून निघालेले संदेश भावना आणि स्मृती यांच्याशी निगडित मेंदूच्या भागांत थेट पोहोचतात. स्वीडनमधील वृद्धांच्या अभ्यासात शब्दांनी जागवलेल्या आठवणी बहुधा किशोरवय आणि तारुण्यातील निघाल्या. वासाने जागवलेल्या बहुतांश पहिल्या दहा वर्षांतील होत्या. त्या वयातले वास म्हणजे मुख्यतः घरातले. फोडणीतला हिंग, पातळाचा सुती वास, दिवाळीच्या पहाटेचे उटणे यांतून आई परत येते, ती या मार्गाने.

उसनी आठवण

आईच्या बोलण्याने आठवण टिकते, तशीच ती बनतेही. बालमानसशास्त्राचा पाया घालणारे ज्याँ पियाजे यांना एक प्रसंग स्पष्ट दिसत असे: पॅरिसच्या रस्त्यावर बाबागाडीत आपण बसलो आहोत, कोणी पळवून नेऊ पाहतो आहे, दाई त्याला अडवते आणि तिच्या चेहऱ्यावर ओरखडे उठतात. ते साधारण पंधरा वर्षांचे असताना त्या दाईने कळवले की तो सारा बनाव होता. लहानपणी घरात ऐकलेली कथा त्यांच्या मनात चित्र होऊन बसली होती. १९९५ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल यांनी २४ जणांना लहानपणी बाजारात हरवल्याची खोटी हकिगत नातेवाइकांच्या मदतीने खऱ्या प्रसंगांत मिसळून सांगितली. सुमारे चौथ्या हिश्श्याने ती पूर्णतः किंवा अंशतः खरी मानली. भावंडांत कोण कधी पडले आणि कोणाला ताप आला यावर वाद होतात, तेही याचमुळे. घरात सांगितलेली गोष्ट दोघांचीही होते.

दोषारोपाची मर्यादा

प्रभाव मोठा म्हणून प्रत्येक परिणामाची जबाबदारी आईची, हा निष्कर्ष चुकीचा आहे आणि त्याने फार नुकसान केले आहे. विसाव्या शतकाच्या मध्यात स्वमग्नतेचे कारण आईचा थंडपणा आहे, असे मानले जाई. ब्रूनो बेटलहाइम यांच्या १९६७ मधील पुस्तकाने तो समज पसरवला. बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ मध्येच त्याविरुद्ध जैविक कारणांकडे लक्ष वेधले होते, आणि पुढील संशोधनाने त्यांची बाजू खरी ठरवली. मधल्या काळात असंख्य आयांनी निष्कारण अपराधीपण वाहिले.

आईची जागा इतर कोणी घेऊ शकत नाही, हेही खरे नाही. रुमानियातील अनाथालयांतील १३६ मुलांवर २००० साली सुरू झालेल्या बुखारेस्ट प्रकल्पात निम्मी मुले पालक कुटुंबांत दिली गेली. त्यांची बुद्धी आणि जवळीक संस्थेत राहिलेल्यांपेक्षा चांगली वाढली. दोन वर्षांच्या आत कुटुंब मिळालेल्यांना सर्वाधिक लाभ झाला. मुलाला हवा असतो तो एक टिकून राहणारा, उत्तर देणारा माणूस. तो बाप, आजी, मावशी किंवा दत्तक पालकही असू शकतो.

वेळेचा प्रश्न

वर सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीला वेळ लागतो: अंगावर पाजायला, भरवताना बोलायला, जत्रेची गोष्ट दुसऱ्यांदा ऐकायला. प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर आली. ही तरतूद मुख्यतः दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना लागू होते. बीड जिल्ह्यातून आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून हंगामात ऊसतोडणीला जाणारी स्त्री त्यात प्रत्यक्षात येत नाही. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत खाडा परवडत नाही. पहाटे ती फडात जाते. तान्हे मूल उसाच्या पाचटावर किंवा कोपीत थोरल्या बहिणीकडे राहते आणि त्या बहिणीची शाळा सुटते. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या बाळासाठी मिळणारे ५,००० रुपये हंगामाच्या मजुरीची जागा घेऊ शकत नाहीत. ऊसतोड स्त्रीला मजुरी न बुडता प्रसूती रजा आणि फडाजवळ पाळणाघर मिळाले पाहिजे, आणि त्याचा खर्च साखर उद्योग आणि शासन यांनी उचलला पाहिजे.